खडखड, टिकटिक की ठकठक?

गाडीचं इंजिन वाजायला लागलं, की आधी पाकीट नाही, कान उघडायचे...

जातं घरघरतं, बांगड्या किणकिणतात, दार करकरतं, पंखा कुरकुरतो, पैंजण छुमछुमतात, डब्यातले दाणे खुळखुळतात. आवाजांच्या बाबतीत आपली मराठी सॉलिड श्रीमंत! प्रत्येक आवाजाला स्वतःचं क्रियापद. पण गाडी गॅरेजमध्ये नेली आणि समोरच्याने 'काय प्रॉब्लेम आहे?' असं विचारलं, की आपली सगळी शब्दसंपत्ती खलास. 'इंजिनमधून कसलातरी आवाज येतोय.' बस्स, एवढंच.

समोरचा तेवढंच जॉब कार्डवर लिहून घेतो, 'नॉइज फ्रॉम इंजिन'. आणि तिथून पुढे काय उघडायचं, काय बदलायचं, किती दिवस लावायचे, हे सगळं त्याच्या हातात. आपल्या हातात फक्त शेवटी सही करायचं पेन.

गंमत अशी, की बॉनेटखालून येणारी खडखड हा एका ढिल्या पत्र्याचा प्रताप असू शकतो, किंवा इंजिनच्या पोटातलं बेअरिंग संपल्याची सूचनाही असू शकते. पहिल्याचा खर्च एका पिझ्झाएवढा. दुसऱ्याचा म्हणजे कितीतरी महिन्यांच्या ईएमआयएवढा. आणि तक्रार मात्र दोन्हीकडे एकच, 'कसलातरी आवाज'! म्हणून आजचा फंडा साधा आहे. आवाज नेमका सांगता आला, की अर्धं निदान तुम्हीच केलेलं असतं. त्यासाठी इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. मी मास कॉमवाली आहे, मला जमतं म्हणजे कुणालाही जमेल!

आधी घर आवरा

इंजिनवर आळ घेण्याआधी गाडी रिकामी करा. खरंच! हिंजवडीला जाणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या गाडीची खडखड तीन आठवडे चालली होती. शेवटी निघाला काय, तर दाराच्या कप्प्यात पडलेला टिफिनचा स्टीलचा चमचा. डॅशबोर्डवरची नाणी, सीटखालची पाण्याची बाटली, डिकीत सैल पडलेला जॅक, एका स्क्रूवर लटकलेली नंबर प्लेट... इंजिनच्या थरथरीने हे सगळे वाजतात आणि बदनाम होतं बिचारं इंजिन.

हे झालं, की दुसरं काम ऑइलचं. सपाट जागेवर गाडी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक बाहेर काढा, पुसा, परत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर इंजिन वाजण्याचं एक मोठं कारण तिथेच सापडलं. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल भरून घ्या आणि ते गेलं कुठे, याचाही शोध घ्या. ऑइल गळत तरी असतं, नाहीतर जळत तरी असतं.

पाच प्रश्न, पाच मिनिटं

आता गाडीची मुलाखत. पत्रकारितेच्या पहिल्याच लेक्चरला आम्हाला कोण, काय, कधी, कुठे, का हे घोकून घ्यायला लावलं होतं. इथे 'का' मेकॅनिकवर सोडा. बाकीचं तुम्ही विचारा.

एक, आवाज इंजिन थंड असताना येतो की गरम झाल्यावर? दोन, गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून रेस दिली तर येतो का? उभ्या गाडीत अजिबात येत नसेल आणि चाकं फिरायला लागल्यावरच येत असेल, तर संशय आधी चाकं, ब्रेक आणि सस्पेन्शनवर. तीन, रेसबरोबर वाढत जातो, की ठरावीक आरपीएमला येऊन पुढे गायब होतो? चार, क्लच दाबला की काय होतं? पाच, एसी बंद केला की काय होतं?

शेवटचे दोन प्रश्न फारच कामाचे आहेत. क्लचवरून पाय काढल्यावर येणारा आणि दाबल्यावर थांबणारा आवाज सहसा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. उलट क्लच दाबल्यावरच सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंगकडे बोट दाखवा. एसी लावल्यावरच खडखडत असेल, तर कॉम्प्रेसर, त्याची पुली किंवा बेल्टचा टेन्शनर तपासायचा. म्हणजे इंजिन न उघडताच तीन-चार संशयित वेगळे काढता येतात. उत्तरं फोनच्या नोट्समध्ये लिहा आणि आवाजाचं रेकॉर्डिंगही करून ठेवा. कारण गॅरेजच्या दारात पोचल्यावर गाडी शहाण्या मुलासारखी गप्प बसते, हा जागतिक नियम आहे!

कुठला आवाज, कुणाचा?

पत्र्याची खडखड. रिकाम्या डब्यात खिळे हलवल्यासारखी. सिग्नलला उभं असताना येते, थोडी रेस दिली की पसार. एक्झॉस्टची उष्णता बाकीच्या भागांना लागू नये म्हणून त्यावर पातळ पत्रा बसवलेला असतो, त्याला हीट शील्ड म्हणतात. उष्णता, पावसाळा आणि आपले थोर स्पीड ब्रेकर मिळून त्याचे बोल्ट गंजवतात, नाहीतर ढिले करतात. मग ठरावीक आरपीएमच्या थरथरीला तो पत्रा ताल धरतो. याच कुटुंबातला महागडा भाऊ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. ती फुटली की तुकडे आतल्या आत खुळखुळतात. पत्रा स्वस्तात गप्प होतो, कन्व्हर्टर नाही.

टिकटिक. शिलाई मशीन चालावं तशी हलकी आणि एकसारखी, इंजिनच्या वरच्या बाजूने येणारी. ही टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेची. काही इंजिनांत टॅपेटचं अंतर सेट करून घ्यावं लागतं. काहींत ते काम ऑइलच्या दाबावर आपोआप होतं, आणि तिथे टिकटिक वाढली की आधी ऑइल बघायचं. पण एक लक्षात ठेवा, पेट्रोल इंजिनाचे इंजेक्टरही बारीक टिकटिकतात आणि डिझेल इंजिन थंड असताना टकटकतंच. तो त्यांचा स्वभाव आहे, आजार नाही. आवाज 'आहे का' यापेक्षा 'नवीन आहे का' हा प्रश्न महत्त्वाचा.

सकाळची पहिली खडखड. रात्रभर उभी गाडी सुरू केली, की एक-दोन सेकंद खर्रर्र आणि मग शांत. टायमिंग चेन असलेल्या इंजिनात हे ऐकू येतं. बऱ्याच इंजिनांत चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं, दाब तयार होईपर्यंत सैल चेन आजूबाजूला आपटते. आवाज रोज यायला लागला आणि लांबत चालला, तर दाखवायलाच हवं. चेनने दात सोडले, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होते, आणि मग बिल विचारू नका. तुमच्या इंजिनात चेनऐवजी रबरी बेल्ट असेल, तर तो अनेकदा तुटण्याआधी आवाजच करत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला तो गुपचूप बदलून घ्यायचा.

चढावरची किणकिण. कात्रजच्या घाटात चार माणसं, एसी फुल आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये रेटताय. बॉनेटखालून बरणीत गोट्या हलवल्यासारखा आवाज येतो. हे नॉकिंग. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्वाला पसरत असतानाच कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपलं आपणच पेटतं, आणि त्या दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतीवर आदळतात. उपाय तुमच्या डाव्या हातात आहे, खालचा गिअर टाका! तरीही थांबत नसेल, तर इंजिन तापतंय का, आत कार्बन साठलाय का, पेट्रोलचं ऑक्टेन मॅन्युअलमध्ये सांगितल्यापेक्षा कमी आहे का, नॉक सेन्सर काम करतोय का, हे बघायला लागतं. हा आवाज वर्षभर 'चालतंय की' म्हणून सोडून देणं म्हणजे पिस्टनला रोज हातोडीने मारणं.

ठाय आणि दुगुन

आता जरा संगीत. गाडी उभी असताना इंजिन साधारण 800 आरपीएमला चालत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला तेराएक फेरे घेतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मात्र त्याच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरतो. फोर स्ट्रोक इंजिनाची रचनाच तशी आहे. म्हणजे एक ढिला टॅपेट सेकंदाला सहा-सात वेळा टिकटिकतो, आणि खाली क्रँकपाशी काही बिघडलं असेल, तर ठोके त्याच्या दुप्पट. तबल्याच्या क्लासला गेलेल्यांसाठी सांगायचं, तर वरचा आवाज ठायीत आणि खालचा दुगुनीत. अनुभवी मेकॅनिक डोळे मिटून उभा राहतो तेव्हा तो झोपलेला नसतो, लय पकडत असतो.

आणि ती लय पकडणारा माणूस भेटला, की काय फरक पडतो, हे मी स्वतः बघितलंय. माझी गाडी म्हणजे दहा वर्षं जुनी, सेकंड हँड पेट्रोल हॅचबॅक. फ्रीलान्सरचं बजेट तुम्हाला ठाऊक आहेच, लेख आज छापून येतो आणि चेक पुढच्या ऋतूत! तर सिग्नलला ही बाई खडखडायला लागली. एका चकाचक वर्कशॉपमध्ये नेली. एसी लाउंज, कॉफी मशीन, सगळा थाट. अ‍ॅडव्हायझरने बॉनेट उघडून मिनिटभर ऐकलं आणि जाहीर केलं, 'टायमिंग चेन वाजतेय मॅडम. इंजिन खोलावं लागेल. अठ्ठावीस हजारांपर्यंत जाईल.' मग माझ्या मागे बघत, 'तुमच्यासोबत कोणी आलंय का?'

मी म्हटलं, 'मीच आलेय. आणि चेन वाजत असेल तर थंड इंजिनाला जास्त वाजायला हवी ना? ही तर सकाळी गप्प असते. गरम झाल्यावर वाजते, आणि रेस दिली की थांबते.'

'ते खोलल्याशिवाय नाही सांगता येणार.'

'मग खोलू नका.'

अठ्ठावीस हजार म्हणजे माझं तीन महिन्यांचं घरभाडं. केवळ अंदाजावर सही करणं परवडणारं नव्हतं. गाडी घेऊन थेट नाना पेठ गाठली. पुण्यात स्पेअर पार्ट्सची दुकानं दाटीवाटीने उभी आहेत ती तिथेच. एका गल्लीत साठीचे एक मेकॅनिक काका भेटले. त्यांनी मला सगळं सांगू दिलं. मग म्हणाले, 'चालू करा. बंद करा. एसी लावा. आता हळूच रेस द्या, अजून थोडी, तिथेच धरा.' एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडाला. वरच्या कव्हरवर, चेनच्या बाजूला, अल्टरनेटरपाशी, असं डॉक्टरने छाती तपासावी तसं इंजिन तपासलं. 'आत काही नाही,' म्हणाले. मग चक्क चहा मागवला! इंजिन निवेपर्यंत अर्धा-पाऊण तास नुसता चहा आणि गप्पा. शेवटी हातोडीच्या लाकडी दांड्याने एक्झॉस्टवरच्या पत्र्याला टिचकी मारली. टण्ण! गंजून अर्धा उरलेला एक बोल्ट. नवीन बोल्ट, मोठा वॉशर, दीडशे रुपये.

'ताई, दर वेळी आवाज काळजातूनच येतो असं नाही,' काका म्हणाले. 'कधी कधी नुसती बांगडी वाजते.'

वर्कशॉपवाले चोर होते, असं मी म्हणणार नाही. नुसतं उभं राहून ऐकलं, तर चेनची आणि पत्र्याची खडखड सारखी वाटू शकते. फरक एवढाच, की काकांनी आवाजाला प्रश्न विचारले आणि त्यांनी विचारले नाहीत.

स्क्रू ड्रायव्हरचा हा प्रयोग घरी करायची खुमखुमी आली असेल, तर जरा थांबा. चालू इंजिनाचे बेल्ट आणि फॅन कुणाची गय करत नाहीत. ओढणी, मोकळे केस, टाय, गळ्यातलं ऑफिसचं आयकार्ड, सगळं आधी दूर. गरम एक्झॉस्टला हात नाही. आणि रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो. त्यापेक्षा तुम्ही कान द्या, हात मेकॅनिकला घालू द्या.

हा आवाज आला, की गाडी थांबवा

आतापर्यंतचे आवाज 'या वीकएन्डला दाखवू' या वर्गातले. एक मात्र तसा नाही. खोल, जड, बंद दारावर मुठीने ठोकल्यासारखी ठकठक. इंजिनच्या खालच्या भागातून येणारी, रेसबरोबर वाढणारी, चढावर आणखी जोरात. हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज असू शकतो. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा एक पातळ थर असतो. धातूला धातू लागू नये एवढंच त्याचं काम. ऑइल संपलं किंवा दाब पडला, की तो थर जातो, बेअरिंग झिजतं आणि दांडा आपटायला लागतो. अशी गाडी 'घरापर्यंत नेऊ, फक्त सात किलोमीटर' म्हणत चालवली, तर दांडा तुटून इंजिनच्या ब्लॉकला भोक पडू शकतं. त्यानंतर दुरुस्तीची गोष्टच संपते, नवीन इंजिनाची सुरू होते.

म्हणून ही ठकठक आली, किंवा डॅशबोर्डवरचा ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला, की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. मीटिंग चुकली तर चुकली. टो करणारी गाडी बोलवा. अशा वेळी जाणकार मेकॅनिक एकेका सिलिंडरचा स्पार्क थोडा वेळ बंद करून बघतो. ज्या सिलिंडरला ठकठक मऊ पडते, तिथला दांडा गुन्हेगार. टॅपेटच्या आवाजाला याने काही फरक पडत नाही. स्पार्कला हजारो व्होल्टचा करंट असतो, त्यामुळे हे काम त्याचंच.

पावसाळ्याचंही एक सांगते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत गाड्या रस्त्यावरच सोडून लोक चालत घरी गेले, ते आपल्या लक्षात आहे. तेवढा पाऊस सोडा, तुंबलेल्या एका सबवेनेही काम होतं. पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला, की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग पाणी ओसरल्यावर गाडी सुरू झालीच, तरी ठकठकत सुरू होते. आणि साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत इंजिनचं हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. जूनच्या आधी पॉलिसी एकदा वाचून घ्या.

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

स्कॅनर लावला, की सगळं कळतं, या भ्रमात राहू नका. स्कॅनर सेन्सरची तक्रार वाचतो, ढिल्या पत्र्याला सेन्सर नसतो! म्हणून मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा, आवाज त्याला प्रत्यक्ष ऐकवा. 'इंजिन खोलावं लागेल' म्हणाला, तर 'कशावरून?' असं शांतपणे विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही, उलट खुलतो. एस्टिमेट लेखी घ्या, न विचारता जादा काम करायचं नाही असं त्यावरच लिहून घ्या, आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. रक्कम मोठी असेल, तर दुसरीकडे दाखवायला अजिबात लाजू नका. ऑपरेशनआधी आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातोच की.

आणि तक्रार सांगताना एकच वाक्य तयार ठेवा. उदाहरणार्थ, 'गाडी गरम झाल्यावर, न्यूट्रलमध्ये, एसी बंद असतानाही, समोरून पत्र्यासारखी खडखड येते आणि हजार आरपीएमच्या पुढे थांबते.' हे वाक्य ऐकल्यावर समोरचा माणूस तुमच्यासोबत कोण आलंय हे विचारत नाही. तो थेट बॉनेट उघडतो.